युद्धकाळातला हंगाम : सामना हलला, खेळाडू मागे राहिला

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षामुळे धरमशालेतील आयपीएलचा सामना मध्येच थांबवावा लागला. खेळाडूंना खास रेल्वेगाडीने दिल्लीला हलविण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धाच स्थगित झाली. आठवडाभराने ती सुरू झाली ती काही मोजक्या मैदानांवर. युक्रेनमधील फुटबॉल लीग फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रेक्षकांविना पुन्हा उभी राहिली. अशा प्रत्येक वेळी चर्चा होते ती युद्धकाळात खेळ चालू ठेवावा की थांबवावा, याचीच. त्यामागे दडलेला दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सुरक्षेच्या नावाखाली कोणाला मैदानाबाहेर ठेवले जाते? अमेरिकेतील एका महाविद्यालयीन संघाच्या १९४१ च्या हंगामात या प्रश्नाचे बोलके उत्तर सापडते.

अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलमध्ये 'रोज बाऊल' हा महाविद्यालयीन स्पर्धांतला मानाचा सामना. नववर्षदिनी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे तो खेळला जातो. १९४१ मध्ये ओरेगॉन स्टेटच्या संघाने हंगामाची सुरुवात पराभवाने केली. परंतु प्रशिक्षक लॉन स्टायनर यांच्या मार्गदर्शनाखाली संघ सावरला. २९ नोव्हेंबरला पारंपरिक प्रतिस्पर्धी ओरेगॉन विद्यापीठाला १२-७ असे नमवून त्याने रोज बाऊलचा मान मिळविला. प्रतिस्पर्धी म्हणून उत्तर कॅरोलिनातील अपराजित ड्यूक विद्यापीठाची निवड झाली. त्यानंतर आठच दिवसांनी, ७ डिसेंबरला, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला.

पश्चिम किनाऱ्यावर मोठी गर्दी जमली तर ती शत्रूचे लक्ष्य ठरेल, असे तेथील लष्करप्रमुख जनरल जॉन डेविट यांचे म्हणणे होते. पॅसाडेनातील सामना त्यामुळे रद्द होण्याची वेळ आली. तेव्हा ड्यूकने आपले डरहॅम येथील मैदान देऊ केले. शेजारच्या विद्यापीठांकडून जादा आसने उसनी आणली गेली, ओरेगॉनचा संघ रेल्वेने सारा देश ओलांडून गेला आणि १ जानेवारी १९४२ रोजी सुमारे ५६ हजार प्रेक्षकांपुढे, पावसात, त्याने बलाढ्य ड्यूकला २०-१६ असे हरविले. यानंतर रोज बाऊल पॅसाडेनाबाहेर गेला तो थेट २०२१ मध्ये, कोरोनामुळे.

या विजयात एक खेळाडू नव्हता. जॅक योशिहारा यांचा जन्म जपानमधला. पण लहानपणापासून ते अमेरिकेतच वाढले होते. हल्ल्यानंतर जपानी नागरिकांच्या प्रवासावर निर्बंध आले आणि संघासोबत डरहॅमला जाण्यास त्यांना मनाई झाली. गर्दीचे रक्षण करण्यासाठी तीन-साडेतीन आठवड्यांत सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला नेता आला; एका विद्यार्थ्याला त्याच्या संघाबरोबर नेता आले नाही.

हा केवळ योगायोग नव्हता. सामन्यानंतर सात आठवड्यांनी, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ काढला. त्याची अंमलबजावणी पश्चिम किनाऱ्यावर केली ती याच डेविट यांनी. सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांपैकी जवळपास दोनतृतीयांश अमेरिकी नागरिक होते. पॅसाडेनापासून जवळच असलेल्या सांता अनिता रेसकोर्सवरील घोड्यांच्या तबेल्यांत हजारो कुटुंबे ठेवली गेली. योशिहारांची रवानगी आयडाहोतील मिनिडोका छावणीत झाली.

डेविट यांची भीती सर्वस्वी निराधार होती, असेही म्हणता येणार नाही. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीने सांता बार्बराजवळील तेलक्षेत्रावर खरोखरच तोफा डागल्या. सामना हलविण्याचा निर्णय म्हणूनच समजण्यासारखा आहे. गर्दी हा धोका स्थळाशी निगडित होता आणि स्थळ बदलून तो टळत होता. योशिहारांच्या बाबतीत मात्र धोका त्यांच्या कृतीत नव्हे, तर वंशात शोधला गेला. दोन्ही निर्णयांना नाव एकच होते, सुरक्षा. त्यामुळे त्यांतला फरक तेव्हा फारसा कोणाला जाणवला नाही.

पुढे युद्धाने सर्वांनाच ओढून नेले. ड्यूकचे प्रशिक्षक वॉलेस वेड सैन्यात दाखल होऊन युरोपात तोफखान्यात लढले. ओरेगॉन स्टेटने १९४३ आणि १९४४ मध्ये संघच उतरविला नाही. नौदलाच्या प्रशिक्षणार्थींना खेळण्याची मुभा होती, भूदलाच्या नव्हती. त्यामुळे कोणाचा संघ टिकणार, हेही बव्हंशी लष्करी खात्यांच्या हाती गेले.

चुकीची कबुली यायला मात्र चार दशके लागली. ही कारवाई लष्करी गरजेतून नव्हे, तर वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाच्या अपयशातून झाली, असा निष्कर्ष अमेरिकी संसदेने नेमलेल्या आयोगाने १९८० च्या दशकात काढला. १९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देऊ केले. शिक्षण अर्धवट राहिलेल्या जपानी वंशाच्या विद्यार्थ्यांना ओरेगॉन स्टेटने २००८ मध्ये सन्माननीय पदव्या दिल्या. योशिहारा त्यांपैकी एक होते.

सामने पुढे ढकलता येतात, मैदाने बदलता येतात आणि प्रेक्षकांविना खेळताही येते. असे निर्णय परिस्थिती निवळताच मागे घेता येतात. एखाद्याला केवळ जन्मामुळे संघाबाहेर काढण्याचा निर्णय मात्र मागे घेतला, तरी गेलेला हंगाम परत येत नाही. युद्धाच्या काळात खेळाविषयी घेतलेला प्रत्येक निर्णय तपासण्यासाठी एवढी कसोटी पुरेशी आहे.