थिनरचा वास मेंदूपर्यंत कसा पोहोचतो?

कुर्डुवाडी : रेल्वे वर्कशॉप असो की गॅरेज, रंगकाम म्हटलं की थिनर आलाच.

नेमकं काय होतं?
थिनरमधलं टोल्युइन श्वासातून रक्तात जातं. ते चरबीत विरघळतं आणि मेंदूत चरबी भरपूर असते.

लक्षणं कोणती?
चक्कर मोकळ्या हवेत ओसरते. वर्षानुवर्षं वाफ घेतल्यावर मात्र विसरभोळेपणा, चिडचिड मागे राहते. 1970च्या दशकात डेन्मार्क, स्वीडनमधल्या रंगाऱ्यांमध्ये हे आढळलं.

कायदा काय म्हणत होता?
2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाने कायद्यातील 29 व्यावसायिक आजारांत बेंझीनची विषबाधा होती. मेंदूच्या या आजाराचं स्वतंत्र नाव नव्हतं. त्यामुळे ‘वय झालं’ म्हणून तो नोंदीतून सुटू शकत असे.

काय कराल?
डॉक्टरांना लक्षणांसोबत काम आणि त्याची वर्षंही सांगा. कापडी मास्क वाफ अडवत नाही. कार्बन फिल्टरचा वापरा. थिनरने हात धुऊ नका.