तीन बोल्ट

३१ डिसेंबर २०१७ रोजी दुपारी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या उत्तरेस, हॉक्सबरी नदीच्या परिसरातील जेरुसलेम बे या अरुंद खाडीत एक सागरी विमान कोसळले आणि वैमानिकासह त्यातील सहाही जण मृत्युमुखी पडले. कॉटेज पॉइंट येथील भोजन आटोपून पाच पाहुणे सिडनीच्या रोज बे बंदराकडे परतत होते. विमानाने पाण्यावरून उड्डाण केले, नेहमीची वाट सोडली आणि तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या त्या खाडीत, डोंगरमाथ्याहूनही कमी उंचीवरून, ते शिरले. पुढे वाट नव्हती. तेथेच एक तीव्र वळण घेऊन विमान नाकावर आदळले आणि बुडाले.

कमी उंचीवरचे वळण इतके घातक का, हे समजून घेणे अगत्याचे आहे. विमान जितके कलते तितका पंखांवरील भार वाढतो. साठ अंशांचा कल देऊन उंची राखू म्हटले तर तो भार दुप्पट होतो आणि विमान हवेत तरून राहण्यास लागणारा किमान वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. तेवढा वेग नसेल तर पंखांचा आधार सुटतो. उंचावर असताना नाक खाली घालून वेग मिळवता येतो व विमान सावरता येते; डोंगराच्या कुशीत, पाण्याच्या जवळ, त्यासाठी अवकाशच उरत नाही. सिडनीच्या विमानाचे बहुधा असेच झाले, असा तेथील वाहतूक सुरक्षा ब्युरोचा निष्कर्ष आहे.

पण हे झाले विमान कसे पडले याचे उत्तर. ते त्या खाडीत गेलेच का, हा खरा प्रश्न होता. वैमानिक नवखा नव्हता; दहा हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. प्राथमिक तपासात यंत्र बिघडल्याची खूण आढळली नाही. अशा वेळी सर्वांत सोपा तर्क कोणता, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पाहुण्यांना खूष करण्यासाठी वैमानिकाने धाडस केले असावे, असे म्हटले की सारे मोकळे. मेलेला माणूस खुलासा करण्यास येत नाही.

चौकशी करणाऱ्यांनी त्या सोप्या वाटेवर प्रकरण मिटविले नाही. अहवालाचा मसुदा तयार होऊन तपासणीसाठी गेला असतानाच वैमानिकी वैद्यकाच्या एका तज्ज्ञाने मृतांच्या रक्ताची कार्बन मोनॉक्साइडसाठी चाचणी करावी असे सुचविले. अपघाताला तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. मार्च २०२० मध्ये निष्कर्ष हाती आले: वैमानिकाच्या व दोघा प्रवाशांच्या रक्तात हा वायू अधिक प्रमाणात होता. या वायूस रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी तो रक्ताला घट्ट चिकटतो आणि माणसाचा विवेक तो माणूस जागा असतानाच हरण करतो.

मग यंत्राकडे नव्याने पाहण्यात आले. इंजिनाचा धूर वाहून नेणाऱ्या कड्याला जुन्या भेगा होत्या. इंजिन व बैठक यांच्यामधील अग्निरोधक पत्र्यावरील झडपांचे तीन बोल्ट जागेवर नव्हते आणि त्या छिद्रांतून विषारी वायू आत येऊ शकत होता. त्यात भर अशी की, प्रवासी चढण्यापूर्वी वैमानिकाने २७ मिनिटे विमान पाण्यावर चालविले होते. वायूची सूचना देणारी रंग बदलणारी स्वस्त पट्टी विमानात होती. पण ती उन्हाने फिकटलेली होती! इशारा देणारे भरवशाचे यंत्र बाळगण्याची सक्ती तेव्हा नव्हती. अंतिम अहवाल २९ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाला आणि एका मृत माणसावरील बेपर्वाईचा संशय तीन वर्षांनी दूर झाला.

सर्वच वैमानिक निर्दोष असतात असे आम्हांस म्हणावयाचे नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील ख्यातनाम बेसबॉलपटू रॉय हॅलाडे फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत आपले छोटे जलस्थल विमान लाटांना जवळजवळ शिवत नेत असता मरण पावला. तेथे चौकशीने अमली द्रव्यांच्या अमलाखाली केलेल्या कसरतींना दोष दिला, आणि तो योग्यच होता. मात्र त्या विमानात उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र होते. सिडनीच्या विमानात ते नव्हते. दोष सिद्ध करण्यास जो पुरावा लागतो, तोच निर्दोषत्व सिद्ध करण्यासही लागतो.

आपल्या किनाऱ्यावर या विमानांची हौस अधूनमधून उचल खाते. सिडनीच्या दुर्घटनेपूर्वी अवघे तीन आठवडे मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर सागरी विमानाचे प्रात्यक्षिक झाले होते. अहमदाबाद ते केवडिया ही सेवा ३१ ऑक्टोबर २०२० रोजी गाजावाजाने सुरू झाली आणि पुढील एप्रिलमध्ये बंद पडली. यातील विमाने टर्बाइन इंजिनाची असल्याने सिडनीत घडले तसेच येथे घडेल असे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु मांडवी-जुवारीच्या मुखाशी मासेमारी होड्या, बार्ज आणि पर्यटकांच्या नौका यांची गर्दी असते, आणि दोन्ही तीरांस डोंगर आहेत. येथे विमान उतरावयाचे असेल तर त्याची वाट व किमान उंची आधीच ठरवून जाहीर झाली पाहिजे. विमान कितीही लहान असो, त्यात नोंदयंत्र सक्तीचे हवे. देखभालीच्या नोंदी कंत्राटदाराच्या कपाटात न राहता तपासणीस खुल्या असाव्यात. देशात विमान अपघातांच्या अन्वेषणासाठी २०१२ पासून वेगळा ब्युरो आहे. उद्घाटनाची फीत कापण्याआधी सरकारने या तीन गोष्टी लेखी स्वरूपात लोकांपुढे ठेवाव्यात, अशी आमची मागणी आहे.