सडा पडीक नाय, साहेब!

साथींनो,

मे महिन्यात आपल्या सड्यावर जा. कातळ तव्यासारखा तापलेला, गवत करपलेलं. मोजणीला आलेले साहेब म्हणाले, "हे तर वाळवंट. इथं सांभाळायचं काय?" आणि कागदावर 'पडीक' लिहून गेले.

साहेब श्रावणात का नाय आले? तेव्हा खळग्यांत पाणी असतं, बेडकं ओरडतात, सीतेच्या आसवांच्या फुलांनी सडा जांभळा होतो. टिटवी उघड्या कातळावरच अंडी घालते. आम्हा कातकऱ्यांच्या बाया कुर्डू, फोडशी, अळंबी इथूनच आणतात. सड्यात मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना लागतं. माझी आजी म्हणते, "सडो कोणाक उपाशी ठेवणा नाय." पण एकदा 'पडीक' लिहिलं की चिरेखाणवाल्याला रान मोकळं!

आणि सरकारला निसर्ग दिसलाच, तर नकाशावर रेघ ओढतात, आतली माणसं विसरतात. १९७९ साली सोलापूर-नगरच्या माळरानावर माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य केलं. शेतं, गावं सगळं त्यात. शेतकरी जमीन विकताना, घर बांधताना अडला. माळढोक मात्र घटतच गेला. १९८७ साली इथं मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य झालं. मच्छीमार तेव्हापासून विचारतायत, आमच्या रापणीचं काय?

मग पाखरं मरू द्यायची काय? मुळीच नाय. आपल्यातही वणवा लावणारे आहेत, ते आपणच थांबवायचं. पण राखण करायची तर बारा महिने तिथं राहणाऱ्यानं. हे आम्हीच नाय, २००६ चा वनहक्क कायदाही म्हणतो. कलम ३(१)(झ) सामूहिक वन राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क देतं. कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव आणि जैवविविधता जपण्याचा अधिकार देतं.

म्हणून सड्याचा जो भाग वनजमीन आहे, त्यावर सामूहिक दावा घाला. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, तेही पुरावा म्हणून चालतात. कुठली भाजी कुठं, पाणी कुठं मुरतं, गुरांची वाट कुठली, सगळं लिहा. जो भाग वनजमीन नाय, तिथल्या चिरेखाणीला ग्रामसभेचा ठराव करून हरकत घ्या.

साहेबांचा मे महिन्यातला सडा कागदावर गेलाय. आपला बारा महिन्यांचा सडाही कागदावर चढवूया.

जिंदाबाद!