गाड्या राखल्या कुणी, नाव लागलं कुणाचं?

गेल्या वर्षी बाझलला राहणाऱ्या मैत्रिणीकडे गेले होते. शनिवार-रविवारची सुट्टी बघून तिने सहल आखली. पहिल्या दिवशी सीमेपलीकडच्या फ्रान्समधल्या म्युलूझ शहरातलं मोटारींचं संग्रहालय आणि दुसऱ्या दिवशी त्याच अल्सास भागातले द्राक्षमळे. ‘गाड्या बघायला मला कशाला नेतेस?’ म्हणून मी कुरकुरले. पण परतले ती आपल्या गिरणगावाचा विचार करत.

हे संग्रहालय एका जुन्या सूतगिरणीत आहे. पॅरिसच्या पुलावरच्या दिव्यांची नक्कल केलेले शेकडो खांब आणि त्यांच्या उजेडात चकचकणाऱ्या गाड्या. एकट्या बुगाटीच शंभरावर! हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्प्फ या गिरणीमालक भावांनी त्या गुपचूप जमवल्या आणि हा संग्रह आपल्या आईच्या स्मृतीला वाहिला. १९७६ साली गिरण्या बुडीत निघाल्या, संप झाला आणि मालक स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च १९७७ मध्ये कामगार या इमारतीत शिरले, तेव्हा त्यांना समोर दिसल्या त्या या शेकडो गाड्या. आपल्या नोकऱ्या जात असताना!

त्यांनी दोन वर्षं तिथला ताबा सोडला नाही. लोकांसाठी दार उघडलं आणि हा संग्रह कामगारांचा आहे असं जाहीर केलं. राग उफाळलेला असतानाही संग्रह शाबूत राहिला. १९७८ साली सरकारने त्याला ऐतिहासिक ठेव्याचा दर्जा दिला आणि १९८२ साली राष्ट्रीय संग्रहालय म्हणून तो खुला झाला. आज संग्रहालयाच्या नावात ‘श्लुम्प्फ संग्रह’ हे शब्द आहेत. ज्यांनी तो राखला, ते कामगार त्या नावात नाहीत.

मला आणखी एक गोष्ट खटकली. सूतगिरण्यांमध्ये जगभर बायका राबल्या. त्या कामातून आलेल्या पैशावर मालक मोठे झाले, आणि स्मारक झालं ते मालकांच्या आईचं. एका बाईला देव्हाऱ्यात बसवायचं आणि बाकीच्या बायांच्या रोजीरोटीची फिकीर करायची नाही, ही रीत आपल्याला काही नवी नाही.

१९८२ हे साल वाचून मी थबकले. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. माझी आत्या तेव्हा लालबागला खाणावळ चालवायची. संपकऱ्यांना तिने उधारीवर जेवू घातलं. तिची वही भरत गेली, गळ्यातलं गहाण पडलं, आणि उधारी काही फिटली नाही. गिरण्यांच्या जागी पुढे टॉवर आणि मॉल उभे राहिले. संपाच्या इतिहासात पुढारी आहेत, मालक आहेत, पण आत्याची ती वही कुठेच नाही. घर बदलताना आम्हीच ती रद्दीत घातली. हा दोष मी दुसऱ्या कुणाला कसा देऊ?

दुसऱ्या दिवशी रिकविरला गेलो. १९५३ साली आखलेला अल्सासचा ‘वाइन मार्ग’ सुमारे १७० किलोमीटरचा आहे आणि हे गाव त्या वाटेवरच आहे. ‘आडवी बाटली’च्या मतदानासाठी वस्तीत दारोदार फिरलेली मी, तिथे पेला हातात घेतला, हे लपवत नाही. चव सांगणारा माणूस माती, ऊन, उतार यांबद्दल भरभरून बोलत होता. ‘द्राक्षं खुडतं कोण?’ मी विचारलं. ‘हंगामी मजूर,’ एवढंच उत्तर आलं आणि पुढची बाटली उघडली गेली.

लगेच आठवल्या त्या सुरगाणा, पेठकडून दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला येणाऱ्या आदिवासी बाया. २०२२ साली राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढं वादंग झालं! एक बाजू शेतकऱ्याचं नाव घेत होती, दुसरी व्यसनाचं. आपणही दुसऱ्या बाजूने बोललो आणि ते रास्तच होतं. पण बागेतल्या मजूर बाईची मजुरी, तिच्या अंगावर उडणारं औषध, तिचं तान्हं मूल कुठे निजतं, हे त्या वादात आपणही पुढे आणलं नाही. समान वेतनाचा कायदा तर आपल्याकडे १९७६ सालीच झाला होता.

सहलींना माझा विरोध नाही. बायकांनी घराबाहेर पडावं, हिंडावं, मजा करावी. आपल्या मंडळांच्याही सहली निघतात. फक्त जिथे जाऊ तिथे तीन प्रश्न विचारायचे: इथे राबलं कोण? बाईला किती मिळालं आणि पुरुषाला किती? नाव कुणाचं लागलं? आणि आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडे अशा वह्या असतील, तर त्या रद्दीत जाण्याआधी मागून घ्यायच्या. वही नसेल तर शेजारी बसून त्यांच्याकडून ऐकायचं आणि लिहून ठेवायचं. संग्रहालय आपल्यालाही उभारता येतं, मैत्रिणींनो. त्यासाठी गाड्या लागत नाहीत.