घसा आणि हृदय
मुलाचा घसा धरला कीं घरोघरीं हळद-दूध व मिठाच्या गुळण्या सुरू होतात. आराम वाटतो, परंतु दुखणें स्ट्रेप्टोकोकस जंतूंचें असल्यास तेवढ्यानें भागत नाहीं. व्हिएन्नाचे शल्यवैद्य बिलरोथ यांनीं १८७४ सालीं हें नांव ग्रीक शब्दांवरून घडविलें. पीळदार माळेंतील मणी असा त्याचा भाव, आणि सूक्ष्मदर्शकांत ते दिसतातही तसेच. घसा निवळल्यावर दोन-तीन आठवड्यांनीं ५ ते १५ वर्षांच्या एखाद्या मुलाचे सांधे सुजतात. जंतूंवर उठलेली शरीराची प्रतिकारशक्तीच हृदयावर उलटते. सांधे पुढें सुधारतात, हृदयाच्या झडपा मात्र कित्येकदां जन्मभर अधू राहतात. डॉक्टरांनीं पेनिसिलिन १० दिवस सांगितलें असतां तिसऱ्या दिवशीं ताप उतरतांच गोळ्या बंद करूं नयेत. उरलेल्या गोळ्या धाकट्यासाठीं फडताळांत राखण्याची आजीबाईंची काटकसर आम्हांस मुळींच पसंत नाहीं.