शेड कार्ड उघडण्याआधी

भंडारा रोड स्टेशनवर उतरले की जे गाव लागते ते वरठी. इथल्या सनफ्लॅगच्या कारखान्यात वाहनउद्योगाला लागणारे विशेष पोलाद तयार होते. पोलादाची ऑर्डर देणारा ग्रेड लिहून देतो. कार्बन किती, क्रोमियम किती, हे आधी ठरते आणि मग माल बनतो. आपल्या धंद्यात मात्र पन्नास वर्षांच्या फियाटचे काम ‘चमक चांगली आली पाहिजे’ एवढ्या बोलीवर घेतले जाते. रंग कोणत्या जातीचा, हे दुकानात जो डबा मिळेल त्यावर ठरते. विदर्भातल्या प्रत्येक डेंटर-पेंटरने ही सवय सोडावी, यासाठी हे संपादकीय.

अशी कामे आता वाढणार आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुदत संपून रस्त्यावरून गेली आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेल्या या गाडीकडे लोक ठेवा म्हणून पाहू लागले. जुलै 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. आजवर परसात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या अँबेसेडर, फियाट आणि जीप त्यामुळे गॅरेजकडे वळतील.

गाडी आली की शेड कार्ड काढण्याआधी डिकीच्या आतल्या बाजूला, कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी, लॅकर थिनरमध्ये भिजवलेला पांढरा बोळा टेकवून ठेवा. रंग लगेच विरघळून बोळ्यावर उतरला, तर तो एनसी, म्हणजे आपला ड्यूको. रंग फुगून सुरकुतला, तर हवेवर वाळलेला सिंथेटिक इनॅमल. काहीच झाले नाही, तर पी.यू. किंवा भट्टीत भाजलेला रंग. ही चाचणी दोन मिनिटांत होते. ती टाळून जुन्या इनॅमलवर ड्यूकोची गन चालवली, तर थिनर खालचा थर उचलतो आणि सगळी मेहनत पुन्हा पत्र्यापर्यंत खरवडावी लागते. डिकीतला रंग एका जातीचा आणि बाहेरचा दुसऱ्याच जातीचा निघणे हेही नेहमीचेच. मधल्या काळात गाडी कुणी ना कुणी रंगवलेली असते, म्हणून बोनेट, दरवाजा, छत यांची वेगवेगळी चाचणी घ्यावी.

ड्यूकोचा मान मोठा आहे. अमेरिकेत 1920च्या दशकात ड्यूपाँने तो आणला, तेव्हा व्हार्निशचे थर वाळायला लागणारे आठवडे तासांवर आले. त्याचा पाया नायट्रोसेल्युलोज. आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत तोफांसाठी जी प्रणोदके बनतात, त्यांच्या मुळाशीही हाच पदार्थ आहे. म्हणून ड्यूकोच्या कामाजवळ बिडी, वेल्डिंग किंवा उघडी ठिणगी मुळीच नको. हा रंग फक्त थिनर उडून वाळतो, त्यामुळे केव्हाही पुन्हा विरघळतो. दुरुस्ती सोपी, पण पेट्रोल सांडले की डाग. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. थिनर झपाट्याने उडताना पत्रा थंड पडतो, हवेतले बाष्प त्यावर धरते आणि रंग पांढरट दिसतो. ज्या गाडीवर मूळ ड्यूको शाबूत आहे, जी छपराखाली राहणार आहे आणि जिचा मालक दरवर्षी हाताने पॉलिश करणार आहे, तिलाच ड्यूको द्यावा.

सिंथेटिक इनॅमल स्वस्त आणि दमदार. जीपची चासी आणि ट्रेलर यांना तो पुरतो. पण तो आतून पिकायला वेळ घेतो, तोवर उडणारी धूळ चिकटते आणि उन्हात त्याची चकाकी लवकर उतरते.

उरतो हार्डनरचा पी.यू. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर नेणाऱ्या आणि पुढच्याच महिन्यात चिंब करणाऱ्या आपल्या हवेत, रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या गाडीला आमचे मत याच रंगाला आहे. मात्र साध्या, बिनमेटॅलिक शेडला एकाच थराचा सॉलिड पी.यू. द्यावा. वर क्लिअर मारला की जुनी फियाट कालच शोरूममधून आल्यासारखी काचेरी दिसते आणि तिचे वय हरवते. क्लिअर मेटॅलिकसाठी राखावा. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग लांबी, मग सरफेसर. लांबी कोरडीच घासावी, कारण ती पाणी पिते आणि पुढे तिथेच फोड येतात. जुना रंग मात्र वॉटर पेपरने ओलाच घासावा. जुन्या पिवळ्या आणि लाल शेडमध्ये शिसे असू शकते, त्याची कोरडी धूळ पोरांच्या घरात जाऊ नये. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम उरकावे आणि सावकाश उडणारा थिनर वापरावा, नाहीतर रंग पत्र्यावर पोचण्याआधीच सुकतो आणि खरखर येते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. पी.यू.च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा वास येईपर्यंत ते छातीत गेलेले असते. दमा एकदा जडला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो आणि कारागिराला धंदा सोडावा लागतो. नाकाला बांधलेला रुमाल इथे निरुपयोगी आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि हवा बाहेर फेकणारी बंदिस्त जागा ही सोय नसेल, तर पी.यू.चे काम घेऊ नका, सोय असलेल्या गॅरेजकडे पाठवा. गिऱ्हाईक हातचे जाईल, पण गन धरणारा पोरगा धड राहील. रंग निवडताना गाडीइतकाच आपल्या गॅरेजचाही विचार करायचा, तो यासाठी.

जीपवाल्यांना एक गोष्ट आधीच सांगावी. लष्करी ऑलिव्ह ग्रीनचा हट्ट बहुतेक जण धरतात, पण केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. इतर कोणताही रंग बदलला, तरी आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते. हे न सांगता काम केले, तर आरटीओच्या दारात मालक उभा राहतो आणि शिव्या आपल्याला बसतात.

म्हणून येत्या हंगामापासून प्रत्येक जुन्या गाडीच्या बिलावर चार गोष्टी लिहाव्यात, अशी आमची विनंती आहे: खाली कोणता रंग निघाला, प्रायमर कोणता मारला, वरचा रंग कोणत्या जातीचा आणि कोणत्या कंपनीचा, आणि शेडचा क्रमांक. एक प्रत मालकाच्या आरसीसोबत, एक आपल्याकडे. वीस वर्षांनी त्याच गाडीच्या दरवाजाला ठोकर बसेल, तेव्हा ती दुरुस्त करणाऱ्याला अंदाजाने काम करावे लागणार नाही. पोलादाला ग्रेड असतो, तसा आपल्या कामालाही असावा, आणि तो आपणच लिहून द्यावा.