देवळावरचा तंबू

ग्रीसच्या पेलोपोनीज भागात अँड्रित्सेना नावाचे डोंगरातले गाव आहे. तिथून वळणावळणाच्या रस्त्याने आणखी वर चढत गेले की बासाईचे अपोलोचे देऊळ येते. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ११३० मीटर. पण तिथे पोचल्यावर देऊळ दिसत नाही. दिसतो तो उंच लोखंडी खांबांवर तारांनी ताणून बसवलेला एक प्रचंड पांढरा तंबू. १९८६ साली हे देऊळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ग्रीसमधून त्या यादीत गेलेले हे पहिले स्थळ. लगेच पुढच्या वर्षी ते झाकले गेले आणि आजही झाकलेलेच आहे. एवढा घाट चढून आलेला प्रवासी मग हिरमुसतो. निळ्या आकाशाखाली उभे असलेले खांब पाहायला तो आलेला असतो आणि समोर कापड असते. हा तंबू एकदाचा काढून टाका, असे त्याच्या मनात येते. तंबू काढता कामा नये, असे मला मनापासून वाटते.

मुळात तो घालावा का लागला? या देवळाचे खांब आणि भिंती आहेत त्याच डोंगरातल्या करड्या चुनखडीच्या. संगमरवर वापरला तो शिल्पांसाठी आणि छताच्या कौलांसाठी. या चुनखडीत बारीक भेगा असतात. पावसाचे पाणी त्यांत शिरते, हिवाळ्यात गोठते, गोठले की फुगते आणि भेग आणखी रुंद होते. छत शाबूत होते तोवर दगडाला आडोसा होता. छत गेल्यावर प्रत्येक हिवाळा थेट दगडावर येऊ लागला. त्यात हा मुलूख भूकंपाचा, आणि देवळाखालची जमीन सगळीकडे सारखी टणक नाही. पाया कुठे कातळावर आहे, कुठे भरावावर. त्यामुळे तो कमीजास्त खचला आणि खांब कलले. १९०२ ते १९०८ या काळात ग्रीक पुरातत्त्व संस्थेने पडलेले खांब उभे केले, भिंती सावरल्या. पण खालची जमीन तशीच राहिली. आता चालले आहे ते काम निराळे आहे. उत्तरेच्या बाजूपासून सुरुवात करून खांब उतरवायचे, पाया नव्याने बसवायचा, मग तेच दगड त्याच जागी परत चढवायचे. असे काम पावसात आणि बर्फात होत नाही.

एवढे सांगितल्यावरही कोणी म्हणेल, कारणे पटली, पण देऊळ पाहण्याचा आनंद गेला तो गेलाच. मला तेही मान्य नाही. उघड्या आभाळाखालचे मोडके खांब म्हणजेच ग्रीक देऊळ, ही समजूत अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी आणि प्रवाशांनी रुजवली. भग्नतेचे सौंदर्य त्यांना हवे होते आणि ते त्यांनी फार सुंदर रंगवले. पण ज्यांनी हे देऊळ बांधले त्यांनी ते आभाळ दाखवायला बांधले नव्हते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस इथे येऊन गेला. तेव्हा देवळाला सहाशे वर्षे होत आली होती, तरी छतसुद्धा दगडाचेच आहे, हे त्याने मुद्दाम नोंदवून ठेवले आहे. साथीच्या काळात देव धावून आला म्हणून जवळच्या फिगालिया नगरातल्या लोकांनी हे बांधले, बांधणारा पार्थेनॉनचाच स्थपती इक्टिनस, असेही तो सांगतो. यातल्या दोन्ही गोष्टींवर अभ्यासकांचे वाद आहेत. छताबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही. आत शिरणारा माणूस उन्हातून सावलीत जात असे.

तंबूखाली आज तेच होते. ऊन मागे राहते, उजेड मऊ होतो, वारा कमी होतो आणि नजर आकाशाकडे न जाता दगडाकडे जाते. मग या देवळाचे वेगळेपण कळायला लागते. बहुतेक ग्रीक देवळे पूर्व-पश्चिम असतात; हे उत्तर-दक्षिण आहे, आणि मागच्या दालनाला पूर्वेकडच्या भिंतीत एक जास्तीचे दार ठेवले आहे. बाहेरचे खांब डोरिक धाटणीचे, रुंदीत सहा आणि लांबीत पंधरा. आत भिंतीतून पुढे आलेल्या आडव्या भिंतींच्या टोकांना आयोनिक अर्धखांब आहेत. आणि दक्षिणेला, अगदी मधोमध, एकच खांब असा होता की ज्याचे शीर्ष पानांच्या नक्षीचे होते. कोरिंथियन धाटणीचा आपल्याला माहीत असलेला हा सर्वांत जुना नमुना. पुढे रोमने ती धाटणी उचलली, युरोपभर नेली, इंग्रजांनी कोलकात्यापर्यंत आणली. तिचा हा पहिला माहीत असलेला खांब या आडबाजूच्या डोंगरात उभा होता. ते शीर्ष आज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हालर फॉन हालरस्टाइन या जर्मन वास्तुतज्ज्ञाने त्याची रेखाटने केली म्हणून निदान ते कसे होते हे कळते.

तंबूत उभे राहून मान वर केली की खरे नुकसान लक्षात येते. आतल्या आयोनिक खांबांच्या वर, दालनाच्या चारही बाजूंनी, संगमरवरात कोरलेला सुमारे ३१ मीटर लांबीचा शिल्पपट्ट होता. एकीकडे ग्रीक आणि ॲमेझॉन स्त्रियांची लढाई, दुसरीकडे पुराणकथेतले लॅपिथ लोक आणि अर्धे माणूस, अर्धे घोडा असलेले सेंटॉर यांची. १८११ मध्ये इंग्रज वास्तुतज्ज्ञ चार्ल्स कॉकरेल आणि त्याच्या सोबत्यांना ढिगाऱ्यात त्याचा माग लागला. पुढच्या वर्षी तुर्की सुभेदार वेली पाशाची परवानगी काढून तो उकरण्यात आला. १८१४ मध्ये, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या झाकिंथॉस बेटावर त्याचा लिलाव झाला, आणि १८१५ मध्ये त्याच्या तेवीस शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये पोचल्या. कोणती शिळा नेमकी कुठे सापडली याच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या. त्यामुळे त्या कोणत्या क्रमाने होत्या, यावर आजही एकमत नाही. लंडनमध्ये त्या वेगळ्या दालनात, चांगल्या उजेडात, नीट मांडल्या आहेत. पण हा पट्ट माणसाच्या डोक्यावर, छताखालच्या अंधुक उजेडात, देवाच्या दालनाला वेढा घालून होता. कोरणाऱ्यांनी अंगे इतकी उठावाने, इतक्या जोरात का कोरली, हे त्या उंचीवरच समजते. लंडनमधली पार्थेनॉनची शिल्पे ग्रीसला परत मिळावीत यासाठी दोनशे वर्षे वाद चालू आहे आणि तो चालूच राहिला पाहिजे. पण बासाईचे नाव त्यात फारसे कोणी घेत नाही. ते घ्यायला हवे. परवानगी होती, लिलाव झाला, हे खरे. परवानगी देणारा सुभेदार त्या डोंगराचा नव्हता, आणि ज्यांचा डोंगर होता त्यांना कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे.

आपल्याकडून ग्रीसला जाणाऱ्यांची सहल बहुधा अथेन्स आणि सँटोरिनी यांच्यातच संपते. ज्यांना एखादा दिवस काढता येईल त्यांनी बासाईला जावे, आणि तिथे तंबू आहे हे आधीच ठाऊक असू द्यावे. सहल आखून देणाऱ्यांनी तंबू लागण्याच्या आधीची छायाचित्रे दाखवून लोकांना तिथे नेऊ नये. पाहणाऱ्याची निम्मी निराशा त्या छायाचित्रांतून येते.

ग्रीक सरकारबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तंबू तात्पुरता म्हणून घातला गेला आणि त्याखाली एक पिढी मोठी झाली. काम नाजूक आहे, सावकाशच होणार, घाई करणे घातक ठरेल. परंतु सावकाश काम वेगळे आणि रेंगाळलेले काम वेगळे. दगड उतरवणारे, भेगा सांधणारे कारागीर सहज मिळत नाहीत. मध्येच निधी आटला की ते दुसरीकडे जातात आणि हाताला आलेली सफाई त्यांच्याबरोबर जाते. या देवळासाठी दरवर्षी ठरलेली रक्कम वेगळी काढली पाहिजे, मग त्या वर्षी पर्यटक किती आले याचा हिशेब काहीही असो. पायाची चारही बाजूंनी खात्री होईपर्यंत तंबू राहावा, आणि वाऱ्यापावसाने त्याचे कापड जीर्ण झाले तर नवे घालावे.